तळ्याला ओहोटीही हवी: लखनऊच्या पाणथळ जागा आणि तेथील मासे

एखाद्या तळ्याचे आरोग्य कशावरून ओळखावे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ते बारमाही भरलेले असावे. शासकीय अहवालातील छायाचित्रे, तलाव सुशोभीकरणाचे आराखडे, उन्हाळ्यात छापून येणाऱ्या हळहळीच्या बातम्या या सर्वांचे गृहीतक हेच असते. पाणी वर असले की तळे जिवंत, खाली गेले की तळे मरणपंथाला. गोड्या पाण्यातील माशांच्या जीवनचक्राकडे पाहिले मात्र हे गृहीतक अपुरे ठरते. उत्तर भारतातील उथळ तळ्यांतले बहुसंख्य देशी मासे पाण्याच्या वार्षिक चढउतारावर वाढलेले आहेत. चढ हिरावून घेतला तर त्यांची वीण थांबते. उतार हिरावून घेतला तर त्या विणीला पोसणारे अन्न कमी होते. लखनऊच्या परिसरात आज या दोन्ही गोष्टी घडत आहेत, आणि त्यांची नोंद पाणीसाठ्याच्या आकड्यांत कोठेही होत नाही.

लखनऊ हे या प्रश्नाचे उदाहरण म्हणून विशेष उपयोगी आहे. शहरातून वाहणारी गोमती हिमालयातील बर्फावर जगत नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडाजवळच्या एका तळ्यातून ती उगम पावते आणि सुमारे ९६० किलोमीटरचा प्रवास करून कैथीजवळ गंगेला मिळते. पावसाळ्यात पर्जन्य आणि उरलेले आठ महिने भूजल, एवढाच तिचा आधार. या मैदानी प्रदेशाचा उतार अत्यंत मंद असल्याने नद्यांनी सोडलेली जुनी पात्रे, खोलगट भाग आणि पाणथळ पट्टे सर्वत्र विखुरलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना झील किंवा ताल म्हणतात. उन्नाव जिल्ह्यातील नवाबगंज, हरदोईतील सांडी आणि रायबरेलीतील समसपूर ही त्यांपैकी तीन नावे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. तिन्हींची ख्याती पक्षी अभयारण्ये म्हणून आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती दुर्बीण असते आणि नजर आकाशाकडे. पण समसपूरच्या रामसर नोंदीत एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. परस्परांशी जोडलेल्या सहा तळ्यांच्या या समूहात गोड्या पाण्यातील माशांच्या किमान ४६ जाती आढळतात आणि त्यांपैकी काही पावसाळ्यातील पुराबरोबर जवळच्या नद्यांतून येतात. ‘पुराबरोबर येतात’ या दोन शब्दांत प्रस्तुत विषयाचे सार आहे.

प्रथम भूमिती पाहू. समजा, तळ्याचा काठ इतका मंद उताराचा आहे की पाचशे मीटर अंतरात तो केवळ एक मीटर चढतो. गंगेच्या मैदानात असा उतार असाधारण नाही. अशा तळ्याची पातळी एक मीटरने वाढली की पाण्याची कड पाचशे मीटर पुढे सरकते. गवताळ माळ, भातखाचरे, बाभळींच्या मुळांचा परिसर, गुरांच्या वावराची जमीन हे सारे काही आठवड्यांपुरते पाण्याखाली जाते. हेच तळे खोल करून त्याला उभे दगडी काठ बांधले, तर त्याच एक मीटर वाढीने पाण्याची कड जवळजवळ जागची हलत नाही. साठ्याच्या हिशेबात दोन्ही तळी सारखी ठरू शकतात. माशाच्या हिशेबात पहिल्याने प्रसूतिगृह उघडले, दुसऱ्याने केवळ भिंत ओली केली.

हे रूपक अतिशयोक्तीचे नाही. रोहू, कटला व मृगल हे आपल्याकडील प्रमुख कार्प मासे स्थिर पाण्यात सहसा वीत नाहीत. ते तळ्यात वाढतात, परिपक्वही होतात. परंतु अंडी सोडण्यासाठी त्यांना पावसाचे ताजे गढूळ पाणी, प्रवाह, तापमानातील बदल आणि नव्याने बुडालेली उथळ जमीन यांचा एकत्रित संकेत लागतो. कोकणातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर ओढ्यांतून, पन्हळींतून, खाचरांच्या बांधांवरून वर धडपडणारे चढणीचे मासे त्याने पाहिलेले असतात; त्या काही दिवसांना तिकडे वलगण असे स्वतंत्र नाव आहे. अवधच्या मैदानात चढण डोळ्यांना दिसत नाही, कारण जमीनच सपाट आहे. तेथील मासा डोंगराकडे चढण्याऐवजी नदीच्या पात्रातून बाजूच्या पसरट पाण्यात शिरतो. दिशा निराळी, प्रेरणा तीच.

यानंतर जे घडते ते वेळेच्या काटेकोर हिशेबाने घडते. रोहूची मादी शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. पोषक तापमानात ती पंधरा ते अठरा तासांत फुटतात. बाहेर पडलेल्या जिऱ्यांजवळ सुमारे तीन दिवस पुरेल एवढा बलक असतो. तो संपताच त्यांना सूक्ष्म प्राणिप्लवक मिळाले नाहीत तर लाखो जीव दोन दिवसांत नष्ट होतात. हे प्लवक कोठून येतात? उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन त्यांची तरतूद करून ठेवते. तडकलेल्या गाळाला हवा लागते, सेंद्रिय द्रव्यांचे विघटन होते, त्यावर गवत उगवते, गुरे चरतात, शेण पडते. पहिल्या पुरात हे सारे पोषण पाण्यात मिसळते आणि काही दिवसांतच उथळ, उबदार पाण्यात प्लवकांची वाढ उसळते. म्हणजे ज्येष्ठातील कोरडी जमीन हीच श्रावणातील पिलांचे कोठार असते. वर्षभर पाण्याखाली राहिलेल्या काठावर हे कोठार कधी भरतच नाही.

वोल्फगांग युंक, पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘पूरस्पंद’ संकल्पना नेमके हेच सांगते. पूरमैदान असलेल्या नद्यांमध्ये जैविक उत्पादनाचा मोठा भाग मुख्य प्रवाहात निर्माण होत नाही; पाणी बाजूला पसरून पुन्हा ओसरते त्या पट्ट्यात तो निर्माण होतो. कंबोडियातील टोनले साप सरोवर या तत्त्वाचे भव्य प्रात्यक्षिक आहे. कोरड्या ऋतूत सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असणारे हे सरोवर पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे शिरल्यामुळे पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते, आणि जगातील अत्यंत समृद्ध अंतर्देशीय मासेमारींपैकी एक त्या चढउतारावर उभी आहे. समसपूर किंवा सांडी यांचा आकार त्यापुढे नगण्य आहे. यंत्रणा मात्र तीच आहे.

चढाइतकाच उतारही महत्त्वाचा असतो आणि तो तितकाच धोक्याचाही असतो. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरू लागते तेव्हा बोटभर झालेल्या पिलांना नदीकडे किंवा तळ्याच्या खोल भागाकडे परतावे लागते. जोडणारा नाला तोपर्यंत वाहता राहिला तर ती वाचतात. अचानक तुटला तर खळग्यांत अडकून बगळ्यांचे भक्ष्य होतात. पुढे उन्हाळा येतो. बशीसारख्या आकाराच्या तळ्यात खोली एकचतुर्थांश झाली की पाण्याचे घनफळ एकसोळांश होते. मासे तेवढेच राहिले असते तर त्यांची दाटी सोळापट झाली असती. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांवर ही मर्यादा सुमारे ७ मिलिग्रॅमवर येते. त्याच वेळी तापमान वाढल्याने माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. पुरवठा आणि मागणी यांची ही कात्री मे महिन्यातील पहाटे सर्वांत तीव्र असते, कारण रात्रभर वनस्पतींनीही ऑक्सिजन वापरलेला असतो.

या परीक्षेसाठी काही मासे सज्ज आहेत. मागूर, शिंगी आणि मरळ यांना हवेतील प्राणवायू थेट घेण्याची इंद्रिये आहेत. पाणी संपत आले की ओल्या चिखलात ते दीर्घकाळ तग धरू शकतात. रोहू-कटल्याला ही सोय नाही. त्यांना खोल डोह लागतो. त्यामुळे निरोगी तळ्यात दोन्ही प्रकारच्या जागा असाव्या लागतात: कोरडा पडणारा विस्तीर्ण काठ आणि कधीही न आटणारा लहानसा डोह. ४६ जाती एकाच पाण्यात नांदू शकतात त्या या विविधतेमुळे. एखादे वर्ष मरळीचे असते, एखादे रोहूचे. पातळीचा आलेख दरवर्षी थोडा बदलतो आणि कोणा एका जातीला कायमचे वर्चस्व मिळू देत नाही.

आता लखनऊमध्ये या आलेखाचे काय झाले ते पाहणे आवश्यक आहे. १९६० च्या महापुराने शहराला मोठा तडाखा दिला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पूरबांधांनी वस्ती सुरक्षित केली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे. पण बांधाने पुराबरोबर माशांचाही मार्ग अडवला. शहराजवळच्या बराजमुळे गोमतीची पातळी पाणीपुरवठ्याच्या सोयीने धरून ठेवली जाते. २०१५ पासून राबवलेल्या नदीकाठ विकास प्रकल्पाने दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या भिंती उभारल्या. जेथे कड शेकडो मीटर मागेपुढे सरकत असे, तेथे ती आता एका रेषेवर स्थिर आहे. शहराबाहेरच्या तळ्यांवरही दबाव आहेच. रस्त्यांच्या भरावांखालचे अरुंद नळ बुजतात, भूजल उपशामुळे उन्हाळ्यातील डोह आटतात, जलपर्णी उरलेला पृष्ठभाग व्यापते.

नवाबगंजचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तेथील उथळ पाणथळीला पावसाबरोबरच शारदा कालव्याचेही पाणी मिळते. पक्ष्यांच्या दृष्टीने ही मदत मोलाची आहे आणि तिच्यावाचून कोरड्या वर्षांत अभयारण्य ओस पडेल. परंतु कालव्याचे पाणी पिकांच्या वेळापत्रकाने सोडले जाते. ते कोणत्या महिन्यात, किती वेगाने, किती दिवस द्यायचे याचा निर्णय करताना माशांच्या विणीचा विचार होण्याचे कारणच नसते. पाणी मिळणे आणि योग्य वेळी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पातळीच्या आलेखाला उंची असते, तसा मुहूर्त असतो, कालावधी असतो आणि चढण्या-उतरण्याचा वेगही असतो. साठ्याचा एकच आकडा या चौघांपैकी एकाचेही वर्णन करीत नाही.

सपाट झालेल्या आलेखाचा लाभ कोणाला होतो, हे पाहिले की हानी स्पष्ट होते. सामान्य कार्प आणि तिलापिया हे दोन्ही परदेशी मासे स्थिर पाण्यात निर्धास्त वीण करतात. पहिल्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना लगडतात. दुसऱ्याची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण घालते. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला तो उत्पादनवाढीच्या सदिच्छेने. पण ज्या पाण्याचा ऋतूच काढून घेतला आहे, तेथे ऋतूची वाट न पाहणारा मासा जिंकणार हे उघड आहे. याउलट उत्तर प्रदेशाने राज्यमासा म्हणून गौरविलेल्या चितलची स्थिती पाहावी. पावसाळ्याच्या सुमारास तो बुडालेल्या ओंडक्यांना, खोडांना अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. दरवाजे उघडून पातळी एका रात्रीत खाली आणली तर ती अंडी उघडी पडतात. राखणदाराच्या निष्ठेने काही साधत नाही. राज्यमाशाचे चित्र फलकावर आणि त्याच्या विणीची जागा भिंतीखाली, ही विसंगती आहे.

यावर प्रशासनाचे ठरलेले उत्तर आहे मत्स्यबीज सोडणे. त्यामागील विज्ञान थोर आहे, यात शंका नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांची प्रेरित वीण यशस्वी केली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नदीतील पुराची वाट न पाहता बीज मिळू लागले आणि देशाची मत्स्यशेती बदलली. पण शेततळ्यासाठी शोधलेला उपाय पाणथळीला जसाच्या तसा लावता येत नाही. बीजकेंद्रे मोजक्या, बाजारात खपणाऱ्या जातींचे बीज देतात. समसपूरच्या ४६ जातींपैकी बहुतेकांना कोणतेही बीजकेंद्र नाही. मोला, पुंटियससारखे बोटाएवढे मासे कोणी सोडत नाही. वास्तविक मोला हा जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियम यांचा उत्तम स्रोत आहे आणि गरीब घरात तो काट्यासकट खाल्ला जातो. शिवाय मोजक्या पालकांपासून तयार झालेले बीज वारंवार नैसर्गिक पाण्यात सोडल्यास स्थानिक माशांच्या आनुवंशिक वैविध्याला धोका संभवतो. हाच वारसा जपण्यासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था आज लखनऊमध्येच आहे. शीतपेटीत जतन केलेले शुक्राणू हा शेवटचा आधार असू शकतो. वाहता नाला हा पहिला आधार असायला हवा.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पातळी खाली जाण्याचे एवढे गुणगान करताना दुष्काळाचे काय? सांडीच्या रामसर नोंदीत २०१४-१५ च्या तीव्र अवर्षणाने वनस्पती आणि प्राणी यांची हानी झाल्याचा उल्लेख आहे. तळे पूर्ण आटले तर मरळीखेरीज फारसे काही उरत नाही, आणि गुरांना, शेतीला, माणसांनाही पाणी लागते. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे. चढउतार हवा याचा अर्थ कोणताही चढउतार चालेल असा नाही. आटणे आणि ओसरणे यांत भेद आहे. ओसरणाऱ्या तळ्याचा गाभा टिकतो आणि ते पुढच्या पावसाळ्यात नदीशी पुन्हा जोडले जाते. आटलेल्या तळ्याला ती दोन्ही आश्वासने नसतात. त्याचप्रमाणे शहरातले पूरबांध पाडावेत, असेही कोणी सुचवीत नाही. शहराबाहेर जेथे पूर अजून पसरू शकतो, तेथे त्याला पसरू द्यावे, एवढीच मागणी आहे.

असे घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातही आहे. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यातून शतकांपूर्वी उभे राहिले आणि ढिवर समाजाची मासेमारी त्यांवर पोसली गेली. कालांतराने गाळ, बेशरमीची झुडपे आणि बाहेरून आणलेल्या माशांमुळे देशी जाती घटल्या. तेव्हा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि गावोगावचे ढिवर, विशेषतः स्त्रिया, यांनी मिळून काही तलावांत देशी पाणवनस्पतींची लागवड केली. ती जमिनीच्या मंद उतारावर, पाण्याच्या सरकत्या कडेला केली. वनस्पती परतल्या तसे देशी मासेही परतू लागले. यंत्राने सरसकट खोलीकरण करण्यापेक्षा काठाचा उतार ओळखणे अधिक फलदायी ठरले. ते ज्ञान पाण्यात उभे राहून मासे धरणाऱ्यांजवळ आधीपासून होते.

लखनऊसाठी यातून निघणारे धोरण अवघड नाही. प्रत्येक महत्त्वाच्या तळ्यासाठी साठ्याच्या आकड्याबरोबर पातळीचा अपेक्षित वार्षिक आलेख निश्चित व्हावा. जून ते सप्टेंबर नदी आणि तळे यांना जोडणारे नाले, नळ आणि दरवाजे मोकळे राहावेत. कालव्याचे पूरक पाणी देताना विणीचा काळ पाहावा आणि पातळी एकाएकी उतरवू नये. खोलीकरण करायचेच असेल तर मध्यभागी एक डोह करावा व काठ मंद उताराचा ठेवावा. पावसाळ्यात प्रजननक्षम मासे आणि बीज पकडण्यावर असलेली बंदी केवळ जाळ्यांपुरती न पाहता बंद दरवाजांनाही लागू आहे असे समजावे. मासा जाळ्याने अडला काय किंवा लोखंडी पत्र्याने अडला काय, परिणाम एकच. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत प्रत्येक पाणथळीचे प्रभावक्षेत्र ओळखण्याची तरतूद आहे. त्या प्रभावक्षेत्रात पुराची वाट समाविष्ट करण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत किमान एक एकर क्षेत्र आणि सुमारे १०,००० घनमीटर साठवण असे निकष ठेवले गेले. त्यांत काठाचा उतार आणि नैसर्गिक जोड हे दोन निकष मिळवले तर तीच मोहीम माशांच्याही उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांनाही येथे खऱ्या विज्ञानाची संधी आहे. सेंटिमीटरच्या खुणा केलेला एक खांब, एक वही आणि वर्षभराची चिकाटी एवढ्या साधनांवर आपल्या गावच्या तळ्याचा आलेख काढता येतो. त्याच वहीत जवळच्या बाजारात त्या आठवड्यात कोणते देशी मासे आले, नाला केव्हा जोडला गेला आणि केव्हा तुटला, हे लिहिले तर तीन-चार वर्षांत अशी सामग्री जमा होईल जी बहुतेक तळ्यांसाठी आज कोणाजवळ नाही. निषाद, केवट, ढिवर कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या पुरांच्या खुणा नोंदवल्या तर तो आलेख काही दशके मागेही नेता येईल.

नवाबगंजच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे हजारो पक्षी पाहून मन प्रसन्न होते. त्यांतील मत्स्यभक्षी पक्ष्यांचे अन्न मात्र त्याआधीच्या पावसाळ्यात, कोणी दुर्बीण घेऊन आलेले नसताना, गुडघाभर गढूळ पाण्यात तयार झालेले असते. ते पाणी कोठवर पसरले, किती आठवडे थांबले आणि कसे ओसरले यावर पुढचा हिवाळा ठरतो. पुढच्या मे महिन्यात एखाद्या तळ्याचा काठ उघडा पडलेला दिसला तर त्यात तातडीने पाणी भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: मध्ये डोह शिल्लक आहे काय, आणि नदीकडे जाणारी वाट मोकळी आहे काय? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ते तळे पावसाची तयारी करीत आहे, असे खुशाल समजावे.